केंड

कंपनीचं पत्र आलं तेव्हा
हर्णैच्या बंदरात सुरमईचा लिलाव रंगात होता
आणि माझ्या दुकानात चिटपाखरू नव्हतं.
तीन पानी पत्र. "सदर उपकरणातील बॅटरी
अतितप्त होण्याची संभाव्यता विचारात घेता..."
दोनदा वाचलं.
मग वही उघडून नावं काढली:
नारळी पुनवेच्या आठवड्यात विकलेले अकरा दिवे.
बारा तास उजेड, वर मोबाइलही चार्ज होतो,
हे मीच तोंड भरून सांगितलं होतं.

बाहेरच्या फळीवर खडूने पत्रातलंच उतरवलं,
अतितप्त, संभाव्यता, सगळं.
चार दिवस लोक वाचून पुढे गेले.
हिराबाई चोगले तर म्हणाली,
"माझा दिवा जरा फुगलाय बाय,
म्हंजे वीज पोटभर खाऊन बसलाय गो."
उशाशी घेऊन झोपायची ती त्याला,
सुक्या बोंबलांवर मांजरं येतात म्हणून.

पाचव्या दिवशी फळी पुसली
आणि लिहिलं: दिव्याचा केंड झालाय.

केंड इथे पोरासोरांना ठाऊक.
जाळ्यात आला की पोट फुगवून बसतो,
बघायला गंमत, आत मरण.
त्याला कोणी टोपलीत घेत नाही,
चिरत नाही, टोचत नाही,
मांजरापुढेसुद्धा टाकत नाही.
संध्याकाळपर्यंत सात दिवे परत आले,
हात लांब करून, शेपटीला धरल्यासारखे.

कोरड्या वाळूत ठेवा, असं पत्रात होतं.
समुद्राकाठी कोरडी वाळू!
इथली वाळू खारट, ओलसर, हाताला चिकटणारी.
आमसुलं वाळवायच्या पत्र्यावर
तिला दोन उन्हं दाखवली.
येणारे-जाणारे विचारत, वाळूचं लोणचं घालतेस काय?
दुकानामागे, झावळ्यांच्या ढिगापासून लांब,
पत्र्याच्या डब्यांत एकेक दिवा पुरला,
चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावून.

एसटीच्या पार्सलवाल्याने हात जोडले.
कुरिअरचा पोरगा पायरीवरूनच फिरला.
कचरागाडीवाला तेवढा तयार होता,
"द्या ताई, खाडीच्या कडेला ओततो,
एवढ्या खाडीला काय होतंय?"
त्याला चहा पाजला. डबे नाही दिले.
त्याच खाडीत माझी मावशी
गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचते.

दहा झाले.
अकरावा अय्यूब साखरकरच्या बोटीवर,
वीस वाव पाण्यात.
सोसायटीच्या वायरलेसवरून सांगितलं,
चार्ज करू नको. डिझेलपासून लांब ठेव.
वाळूत ठेव, म्हटलं, आणि जीभ चावली.
खरखर. मग त्याचा आवाज:
"वाळू नाय इकडं. फेकू काय?"
"फेकू नको."
बराच वेळ नुसता समुद्र ऐकू येत राहिला.

नवव्या दिवशी बोट लागली.
मागच्या अंगाला आडवा बांबू,
टोकाला बालदी, बालदीत दिवा.
पेटलाच तर पाण्यावर पेटावा म्हणून
आठ रात्री बाहेर टांगलेला,
रुसून ओटीवरच बसलेल्या जावयासारखा.
खलाशी त्याला "पाव्हणं" म्हणत होते.

कंपनीची गाडी आली ती दिवाळी उलटल्यावर.
हातमोजे घातलेला एक मुलगा, चिपळूणचा.
अकरा मोजले, सही घेतली.
वाळूचं काय करू, मी विचारलं.
त्याच्या कागदावर वाळूचं काही नव्हतं.

म्हणून एक डबा भरून ठेवलाय अजून,
आणि फळीवरची ओळही तशीच.
काल हिराबाई आली,
नातवाचा मोबाइल सुपात घेऊन,
सूप अंगापासून हातभर लांब धरून.
"बघ गो," म्हणाली,
"याला पण पोट आलंय काय."